जुना रेडिओग्राम विकत घेण्यापूर्वी तो नेमका कोणता आहे आणि त्याची योग्य किंमत किती, हे कसे ठरवावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे : रेडिओ आणि तबकडी वाजवण्याचे यंत्र एकाच लाकडी कपाटात असलेला एक संच, म्हणजेच रेडिओग्राम, आपण पाहिला आहे. विक्रेता तो ‘१९३० च्या दशकातला, दुर्मीळ आणि चालू’ असल्याचे सांगतो. त्याच्या डायलवर एफएमचे ८८ ते १०८ असे आकडे आहेत, टर्नटेबलला, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्राला, मिनिटाला १६, ३३, ४५ आणि ७८ फेऱ्या असे चार वेग आहेत, आणि कागदपत्र मात्र एकही नाही. असे काही संच मी स्वतः विकत घेऊन दुरुस्त केले आहेत, आणि त्यांतला एक माझ्या अज्ञानामुळे फार महागात घेतला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम वयाबद्दल. आपण दिलेल्या दोन तपशिलांवरूनच विक्रेत्याचे पहिले विधान चुकीचे ठरते. अमेरिकेत एफएमचे प्रसारण आरंभी ४२ ते ५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होत असे आणि १९४५ मध्ये ते ८८ ते १०८ या पट्ट्यात हलवण्याचा निर्णय झाला, त्यामुळे ज्याच्या मूळ डायलवर ८८ ते १०८ छापलेले आहे, तो संच दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा असू शकत नाही. टर्नटेबलही तेच सांगते. ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादी (एलपी) तबकडी कोलंबियाने १९४८ मध्ये बाजारात आणली, आरसीए व्हिक्टरची ४५ फेऱ्यांची तबकडी १९४९ मध्ये आली, आणि १६ धरून चार वेग असलेली यंत्रे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून रूढ झाली. म्हणजे आपला संच बहुधा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा आहे. त्यावर ‘स्टिरिओ’ असे मुळातच लिहिलेले असेल, तर तो १९५८ च्या आसपासचा किंवा त्यापुढचा समजावा, कारण स्टिरिओ तबकड्यांची विक्री त्याच सुमारास सुरू झाली. डायलवर ६४० आणि १२४० या आकड्यांजवळ लहान त्रिकोणी खुणा दिसल्या, तर तो अमेरिकी बाजारासाठी १९५३ ते १९६३ या काळात तयार झाला असे मानण्यास हरकत नाही. आणीबाणीच्या प्रसारणासाठी राखलेल्या त्या दोन जागा होत्या.

मात्र वय ठरवताना केवळ टर्नटेबलवर विसंबू नये. नव्या वेगांच्या तबकड्या आल्यावर अनेकांनी जुन्या संचातले ७८ फेऱ्यांचे यंत्र काढून तिथे तीन वेगांचे बसवून घेतले होते. मी महागात घेतलेला संच असाच होता. डायल ४२ ते ५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे युद्धापूर्वीचा, लाकूड तुकतुकीत, आणि मी त्या झळाळीवरच भाळलो. घरी आणून झाकणाखालची फळी नीट पाहिली, तेव्हा जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोके आणि लाकडाचा मूळ रंग टिकून राहिलेली एक फिकट चौकट दिसली. मूळ यंत्र तिथून केव्हाच गेलेले होते. तेव्हापासून मी डायल, टर्नटेबल आणि आतले व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) हे तीन साक्षीदार वेगवेगळे तपासतो आणि तिघेही एकच काळ सांगत असतील, तरच संच मूळ स्थितीतला मानतो. व्हॉल्व्हच्या बाबतीत ढोबळमानाने इतके ध्यानात ठेवावे की आठ पिनांची ‘ऑक्टल’ बैठक १९३५ मध्ये आली, पूर्ण काचेचे सात पिनांचे छोटे व्हॉल्व्ह १९४० च्या सुमारास आले आणि नऊ पिनांचे युद्धानंतर आले.

नेमके मॉडेल शोधण्यासाठी संचाची मागची बाजू पाहावी लागते. प्लग काढलेला असताना विक्रेत्याला मागची फळी उघडायला सांगावी आणि आत हात घालू नये, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये (विद्युतभार साठवणाऱ्या भागात) भार शिल्लक राहू शकतो. मॉडेलचा क्रमांक बहुतेक वेळा त्या फळीवर, चॅसिसच्या (सगळे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्याच्या) मागच्या पट्टीवर किंवा कपाटाच्या आत डकवलेल्या कागदावर सापडतो; कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा नकाशाही त्याच कागदावर असतो. इथे एक चूक फार जण करतात. टर्नटेबलवर गॅरार्ड, कोलारो किंवा बीएसआर असे नाव आणि क्रमांक दिसला, की तोच संचाचा क्रमांक आहे असे ते धरतात. या कंपन्या इतर अनेक उत्पादकांना टर्नटेबल पुरवत असत, तेव्हा त्या क्रमांकावरून फक्त टर्नटेबल ओळखता येते. चॅसिसचा क्रमांक हाती आला, की रेडिओम्युझियम या संकेतस्थळावर शोध घ्यावा. अमेरिकी संच असेल तर रायडरच्या दुरुस्ती-संहिता आणि १९४६ पासून निघालेली सॅम्स फोटोफॅक्टची पत्रकेही उपयोगी पडतात. तिथल्या आकृतीशी व्हॉल्व्हची नावे जुळली, तर ओळख पक्की झाली.

दुर्मीळपणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. रेडिओग्राम पुष्कळ कारखान्यांनी मोठ्या संख्येने बनवले, आणि ते अवजड असल्यामुळे घरात जागा देऊ शकणारे ग्राहक आज थोडेच आहेत. विशेष किंमत येते ती काही ठरावीक संचांना : तबकडी आपोआप उलटवून दोन्ही बाजू वाजवणारे केपहार्ट, १९४१ च्या सुमाराचा प्रकाशकिरणाने तबकडी वाचणारा फिल्को, किंवा हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स यांनी रचलेला १९५६ चा ब्राउन एसके ४.

‘चालू आहे’ या विधानाची किंमत मात्र सर्वाधिक मोजावी लागते, म्हणून मी त्याच्याकडे सर्वाधिक संशयाने पाहतो. रेडिओवर एखादे केंद्र लागले, म्हणजे संच चालू आहे असे होत नाही. त्या काळातले मेण लावलेल्या कागदाचे कपॅसिटर कालांतराने गळू लागतात, त्यामुळे शेवटच्या व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो, आणि असा संच दहा-पंधरा मिनिटे गोड वाजून स्पीकरला जोडलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळू शकतो. वर्षानुवर्षे बंद असलेला संच ‘लावून दाखवा’ असा आग्रह त्यामुळेच धरू नये. त्याऐवजी वीज न जोडता, जाणकाराकडून मल्टिमीटरने मुख्य आणि आउटपुट अशा दोन्ही ट्रान्सफॉर्मरची वेटोळी आणि स्पीकरचे वेटोळे तुटलेले नाही ना, एवढे तपासून घ्यावे. कपॅसिटर नवे मिळतात. जळालेला ट्रान्सफॉर्मर मात्र पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो. काही संचांत मुख्य ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि चॅसिस थेट विजेच्या तारेला जोडलेले असते. अशा संचाच्या उघड्या धातूला लागलेला हात जिवावर बेतू शकतो.

टर्नटेबल हाताने फिरवून पाहावे. आतले रबरी चाक कडक झाले असेल किंवा त्याला खाच पडली असेल, तर आवाज घरघरतो आणि वेग डळमळतो. त्या काळी सर्रास वापरले जाणारे क्रिस्टल कार्ट्रिज (सुईची कंपने विजेत बदलणारा भाग) रोशेल मिठाच्या स्फटिकाचे असते, ते दमट हवेने निकामी होते आणि बहुतेक वेळा बदलावेच लागते. ७८ ची खाच रुंद असल्याने तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते, दीर्घवादी तबकडीला सुमारे २५ मायक्रॉनची. दोन्ही सुया जागेवर आहेत का, तेही पाहावे. संच दुसऱ्या देशातून आलेला असेल, तर आणखी एक अडचण संभवते. ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, म्हणजे ७८ च्या जागी ६५, आणि व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर हा दोष दूर करू शकत नाही.

कपाटाच्या बाबतीत व्हिनियरचे (वर चिकटवलेल्या पातळ लाकडी थराचे) पापुद्रे सुटले आहेत का आणि तळाशी किडीची भुकटी पडली आहे का, हे पाहावे. मूळ नॉब आणि डायलची काच शाबूत असणे फार मोलाचे आहे, कारण त्या वस्तू सहजासहजी पुन्हा मिळत नाहीत. काचेच्या आतल्या बाजूची अक्षरे नुसत्या ओल्या फडक्यानेही निघून जातात, तेव्हा विक्रेता कौतुकाने ती पुसू लागला, तर त्याला थांबवावे.

किमतीसाठी विक्रेते मागत असलेले भाव विचारात घेऊ नयेत. त्याच मॉडेलचे प्रत्यक्ष झालेले व्यवहार शोधावेत आणि ते संच दुरुस्त होते की पडून होते, हे वर्णनातून ताडून पाहावे. दुरुस्त संचाच्या भावातून सगळे कागदी व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, कार्ट्रिज, रबरी चाक, कारागिराची मजुरी आणि वाहतूक यांचा खर्च वजा करावा. उरेल ती आपली कमाल मर्यादा. ‘नूतनीकरण केले आहे’ असे कोणी म्हणाले, तर चॅसिसच्या खालच्या बाजूचे छायाचित्र मागावे. तिथे जुने मेणाचे कपॅसिटर तसेच दिसले, तर केवळ लाकडाला पॉलिश झाले आहे असे समजावे.

आपल्या संचाच्या बाबतीत मी विक्रेत्याकडे चार छायाचित्रे मागेन : मागची फळी काढलेला संच, चॅसिसवरील क्रमांक, टर्नटेबलखालची फळी आणि डायल जवळून. ती मिळाली, तर वरीलप्रमाणे हिशेब करून त्याला आकडा सांगावा. फळी उघडायलाच त्याने नकार दिला, तर मी त्या रिकाम्या कपाटाला जितके दिले असते तितकेच देऊ करेन.