अ‍ॅप काढलं म्हणजे खातं गेलं, असं नाही

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅप फोनमधून काढून तीन महिने झाले, तरी तुमच्या बहिणीला आणि जुन्या सहकाऱ्यांना तुमच्या नावाने आमंत्रणाचे मेसेज जातायत. वाचून पोटात गोळाच आला. मीही यातून गेले आहे.

पासवर्ड, परवानग्या वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडते. माझी चूक क्रमात झाली. वैतागून आधी अ‍ॅप उडवलं, खातं तसंच राहिलं. अ‍ॅप निघालं की फोनमधली प्रत निघते. सुरुवातीला एकदा 'परवानगी द्या' दाबलं तेव्हा संपर्कांची अख्खी यादी त्यांच्या सर्व्हरवर गेली होती, ती तिथेच राहिली. त्यात माझ्या डॉक्टरांचा नंबर होता, मुलीच्या शिक्षिकेचा होता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या वतीने मीच होकार देऊन बसले, ही गोष्ट मला अजून सलते.

मग नंबर बदलला. खातं बंद करायला ओटीपी हवा, तो जाणार जुन्या नंबरवर. ग्राहक सेवेकडून पाच वेळा तेच साच्यातलं उत्तर आलं. सहाव्यांदा त्यांनी ओळखपत्राच्या दोन्ही बाजू आणि ते हातात धरलेला माझा फोटो मागितला. आणि मी पाठवला! तोवर त्यांच्याकडे फक्त माझा नंबर आणि संपर्क होते. माहिती पुसायला गेले आणि जन्मतारीख, पत्ता, चेहरा आपल्या हाताने देऊन आले. मेसेज थांबले, पण त्या फोटोंचं काय केलं याचं उत्तर आजवर मिळालेलं नाही.

म्हणून सांगते, जुना नंबर अजून तुमच्याकडे असेल तर आजच अ‍ॅप पुन्हा घ्या. संपर्कांची परवानगी मात्र नाकारा. सेटिंग्जमध्ये अपलोड केलेले संपर्क काढायची सोय असेल तर आधी ती वापरा, मग खातं डिलीट करा, स्क्रीनशॉट ठेवा आणि शेवटी अ‍ॅप काढा. ज्या अ‍ॅपमध्ये खातं उघडता येतं, त्यातच ते बंदही करता आलं पाहिजे, असा अ‍ॅपलचा नियम ३० जून २०२२ पासून आहे. गूगल प्लेनेही पुढे तसाच नियम केला, शिवाय अ‍ॅप पुन्हा न घेता वेबवरून विनंती करण्याची लिंकही सक्तीची केली. ती आधी शोधा.

नंबर गेला असेल तर नोंदवलेल्या ईमेलवरून लिहा. ओळखपत्र मागितलं तर 'दुसऱ्या कुठल्या मार्गाने पडताळता येईल?' असं लेखी विचारा. अगदीच नाइलाज झाला तर नाव सोडून बाकी सगळं झाका आणि प्रतीवर आडवं लिहा: 'फक्त खाते बंद करण्यासाठी', खाली तारीख. चेहऱ्याचा फोटो देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मी वकील नाही आणि कायदा देशागणिक बदलतो. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे आणि अशा विनंतीला साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. तुमच्याकडे काय आहे ते तिथल्या जाणकाराला विचारा.

जाता जाता, आयफोन असेल तर आयओएस १८ पासून अ‍ॅपला सगळे संपर्क न देता निवडक देता येतात. मी तर तेही देत नाही, नंबर हाताने टाकते.

बहिणीला आणि सहकाऱ्यांना आजच कळवा की ते मेसेज तुम्ही पाठवलेले नाहीत, लिंक उघडू नका. आणि जुना नंबर चालू आहे का तेवढं इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.