वाचकांचे प्रश्न : कॅबिनेट, एसएमपीएस आणि आपला उन्हाळा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझा धाकटा मुलगा सुटे भाग आणून घरीच संगणक जोडणार आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड एवढे ठरले आहे. जळगावला चौकशी केली तेव्हा दुकानदाराने पुढून काच आणि रंगीत दिवे असलेले कॅबिनेट (संगणकाची पेटी) दाखवले व ‘५०० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) यातच येतो, वेगळा घेऊ नका’ असे सांगितले. आमचे घर धाब्याचे (मातीच्या छताचे) आहे, जवळच जिनिंग (कापसातून सरकी काढण्याचा कारखाना) आहे आणि उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज फार उतरते. काय घ्यावे?
— एक वाचक, ता. चोपडा

उत्तर : कॅबिनेट घ्या, पण त्यासोबत फुकट मिळणारा एसएमपीएस घेऊ नका, आणि कॅबिनेट घ्याल ते पुढून काचेचे नव्हे, जाळीचे घ्या.

आधी एसएमपीएसचे पाहू. त्या फुकटच्या डब्यावरील लेबल दुकानातच वाचावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही खादाड मंडळी १२ व्होल्टच्या वाहिनीवर जगतात, म्हणून ‘+१२ व्होल्ट’ या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून त्याला १२ ने गुणावे. तिथे १८ अँपिअर लिहिलेले असतील, तर हिशेब २१६ वॅटचा झाला, मग वर ठळक अक्षरांत ५०० छापलेले असो की ७००. प्रामाणिक ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच जागी ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. आपल्या मुलाच्या जोडणीत प्रोसेसर ताणाखाली ८८ वॅटपर्यंत आणि कार्ड ११५ वॅटपर्यंत वीज घेईल; मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी आणि पंखे यांचे ५० वॅट धरले तरी एकूण बेरीज अडीचशेच्या घरात राहते. म्हणजे ५५० वॅट पुरे आहेत. साडेसातशेचा आग्रह कोणी धरला, तर तो आपल्या गरजेपेक्षा त्याच्या गल्ल्यासाठी आहे असे समजावे. निम्म्या भारावर एसएमपीएसची कार्यक्षमता सर्वांत चांगली असते, हा यातला आणखी एक फायदा. ‘८० प्लस ब्राँझ’ हा कार्यक्षमतेचा दर्जा आपल्या कामाला पुरेसा आहे. त्यावरचा गोल्ड परवडला तर उत्तमच.

खान्देशात मात्र वॅटइतकाच महत्त्वाचा एक आकडा आहे, आणि तो विचारणारे गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिले आहे. ती क्षमता किती तापमानाला मोजली आहे? स्वस्त एसएमपीएसची क्षमता २५ किंवा ३० अंशांना मोजलेली असू शकते. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंशांची हमी देतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षाही तापलेली असते, तेव्हा २५ अंशांची हमी पौष महिन्यापुरतीच राहते. आतले कपॅसिटर १०५ अंश दर्जाचे असावेत. तापमान १० अंशांनी उतरले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे.

व्होल्टेजसाठी लेबलवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ आणि ‘अॅक्टिव्ह पीएफसी’ (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असे दोन्ही असावे. संध्याकाळी पंप सुरू होऊन व्होल्टेज १७० वर उतरले तरी असा एसएमपीएस स्टॅबिलायझरशिवाय काम करत राहतो. वीज गेल्यावर थोडा वेळ संगणक चालू ठेवणारा यूपीएस मात्र लागेलच, आणि ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. मॉनिटर धरून १००० व्हीएचा घेतलेला बरा.

आता कॅबिनेट. धाब्याची बारीक माती वरून झडते आणि जिनिंगच्या हंगामात सरकीवरचा तंतू हवेत तरंगतो. हा तंतू पंख्याच्या पात्यांवर बसला की त्यावर माती चिकटते आणि थोड्याच दिवसांत त्याची नमद्यासारखी राखाडी थापी तयार होते. म्हणून पुढची जाळी, तिच्यामागचा फिल्टर आणि तळाशी एसएमपीएसखाली सरकवून काढता येणारा फिल्टर, असे तिन्ही पाहून घ्यावे. वरचे झाकण सच्छिद्र असेल तर त्यावरही चुंबकी फिल्टर हवा. पुढे हवा आत घेणारे १२० मिलिमीटरचे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक ठेवला, म्हणजे आतला दाब थोडा जास्त राहून फटींतून धूळ ओढली जात नाही. कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची कॅबिनेटच्या मापांशी ताडून पाहावी. ब्लोअरने साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर हवेच्या झोताने ते भलत्याच वेगाने फिरते. आणि संगणक डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवू नये. त्याची ओली हवा धुळीचा चिखल करते, आणि पाणी खारे असेल तर मदरबोर्डवर पांढरे पापुद्रे धरतात.

प्रश्न : कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. एसएमपीएस बदलला, तरी तेच.
— एक वाचक, शिंदखेडा

उत्तर : बदललेला एसएमपीएस बहुधा निर्दोष होता, दोष अर्थिंगचा दिसतो. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना पत्र्याशी जोडतात. अर्थिंग नसले तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. प्रवाह अत्यल्प असल्याने झटका न बसता मुंग्या येतात. तीन पिनांच्या सॉकेटचे वरचे मोठे भोक आतून रिकामे आहे का, हे जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या नळीपासून सुटते, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतो, असे कोणी म्हणाले तर तसे मुळीच करू देऊ नये. पुढे कधी न्यूट्रल तुटला, तर तोच पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर येतो.