बाबा चर्चला जायचे थांबलेत

ताई, सलाम.

आम्ही टोरोंटोजवळ राहतो, बारा वर्षं झाली. आई-बाबा इंदूरला. बाबा ७६ वर्षांचे, चर्चच्या मंडळीत पस्तीस वर्षं एल्डर, म्हणजे कारभार पाहणाऱ्या कमिटीतले ज्येष्ठ. दर शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन दुसऱ्या दिवशीच्या गीतांचे आकडे लाकडी पाटीवर लावायचे, हे त्यांचं ठरलेलं काम. या नाताळात आम्ही गेलो होतो. तरुण संघाला प्रोजेक्टर हवा होता आणि बाबांचा विरोध होता, म्हणून मी पैसे देऊन तो आणवला. बाबांना काही बोललो नाही. नाताळच्या सकाळी ते चर्चमध्ये आले तर पाटी भिंतीवरून गायब आणि गीत पडद्यावर. उपासना संपल्यावर ते मुलांवर ओरडले. बायबलातल्या रहबाम राजाने म्हाताऱ्यांचं ऐकलं नाही म्हणून राज्य फुटलं, तुमचंही तेच होणार, म्हणाले. मला फार लाज वाटली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, पुरे आता, खुर्ची सोडा." तेव्हापासून ते चर्चला गेलेले नाहीत. आई एकटी रिक्षाने जाते. फोनवर माझ्याशी फक्त हवा आणि ब्लडप्रेशर. बायको म्हणते, चूक त्यांचीच होती. मी माफी मागू का? मागितली तर तरुण मुलांना तोंडघशी पाडल्यासारखं होईल ना?

*

सलाम. (इंदुरात राहून 'जय मसीह की' इतकं अंगवळणी पडलंय की 'सलाम' वाचून आजोळची आठवण झाली.)

प्रोजेक्टरचं आधी उरकते. तो राहू द्या. मोठ्या अक्षरांची गरज विशीतल्या मुलांपेक्षा सत्तरीच्या डोळ्यांना जास्त असते, आणि तुमचे बाबाही महिन्याभरात त्यावरूनच गायला लागले असते, त्यांना आधी विचारलं असतंत तर.

आता तुमचं ते वाक्य. आपल्या मराठी बायबलात मंडळीच्या एल्डरला 'वडील' म्हटलंय. बापाला आपण वडील म्हणतो, वयाने मोठा असेल त्यालाही वडीलच. हिंदी बायबलात तसं नाही. तिथे एल्डर म्हणजे 'प्राचीन', म्हातारा माणूस 'बूढ़ा' आणि बाप 'पिता', तिघांची खाती वेगळी. तुमच्या घरची प्रार्थना मराठीत आणि चर्चची उपासना हिंदीत होत असणार, इंदूरच्या बहुतेक मराठी ख्रिस्ती घरांत होते तशी. तुम्ही बोललात ते कमिटीतल्या प्राचीनाला. ऐकलं ते तुमच्या वडिलांनी. एल्डरला 'खुर्ची सोडा' म्हणायचा हक्क मंडळीतल्या कुणालाही आहे. मुलाने बापाला चारचौघांत तेच म्हटलं की घरातलीच खुर्ची ओढून घेतल्यासारखं होतं.

बायबलात प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्रात नेमकं यावरच लिहिलंय: वडील माणसाला टाकून बोलू नको, बाप समजून समजाव. हे पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत. पण त्याच्या जरासं आधी, चौथ्या अध्यायात, त्याच तीमथ्याला तो सांगतो की तुझ्या तरुणपणाला कुणी तुच्छ मानू नये. आमच्याकडे व्यासपीठावरून पहिली ओळ वाचली जाते आणि तरुण संघाच्या शिबिरात दुसरी. एकाच बैठकीत दोन्ही वाचलेल्या मी तरी क्वचितच ऐकल्यात.

रहबामाचंही तसंच. बाबांनी ती गोष्ट काढली, पण अर्धी. म्हाताऱ्यांनी त्या राजाला सल्ला काय दिला होता? आज या लोकांचा सेवक हो, त्यांच्याशी गोड बोल, मग ते कायमचे तुझे होतील. आणि 'माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेहून जाड आहे' असं सांग, हे शिकवलं बरोबरीच्या पोरांनी. म्हणजे त्या गोष्टीतले म्हातारे मवाळ आहेत! हे बाबांना कधीतरी जरूर सांगा. आत्ताच नको.

पस्तीस वर्षं एकाच माणसाने एल्डर राहावं हे मलाही पटत नाही. बायकोला सांगा, तिचं निम्मं बरोबर आहे. उपासनेनंतर मुलांवर ओरडणं शोभलं नाही. "बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका," हेही इफिसकरांस पत्रात आहेच. पण कमिटीची निवडणूक असते ना? मुलांनी उभं राहावं, मतं मागावीत, निवडून यावं, ठराव मांडावा. पैसा टोरोंटोचा, निर्णय चर्चच्या फाटकाबाहेर मोटरसायकलवर बसून, आणि ज्याचं काम जाणार त्याला पत्ता नाही, ही काही रीत नव्हे. कॅनडाचा पैसा इंदूरच्या मंडळीला नवा नाही म्हणा. १८७७ साली कॅनडातूनच प्रेस्बिटेरियन मिशनरी इथे आले, शाळा, दवाखाने, कॉलेज त्यांनी उभं केलं. दूरच्या पैशाबरोबर दूरचा हुकूम येतो ही तक्रार इथल्या जुन्या माणसांनी आपल्या वाडवडिलांकडून ऐकलेली असते. आणि तुम्ही तर पंधरा दिवसांचे पाहुणे. पुढच्या रविवारी त्या बाकावर बसणार होते बाबा, तुम्ही विमानात.

मी हे शहाणपणाने सांगत नाहीये. पंचविशीत मी संडे स्कूलची सुपरिंटेंडेंट झाले आणि पहिलंच काम काय केलं, तर एका म्हाताऱ्या बाईंना 'विश्रांती' दिली. शाल दिली, हार घातला, भाषण केलं. त्या फ्लॅनेलच्या बोर्डावर कापडी चित्रं चिकटवून गोष्टी सांगायच्या. मला ते जुनाट वाटायचं. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी चित्रांचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. आत प्रत्येक मेंढरू वेगळ्या कागदात गुंडाळलेलं होतं. येशूला पाहायला जक्कय चढला त्या झाडाची एक फांदी नव्या कापडाची, बहुधा त्यांनीच शिवलेली. त्यानंतर त्या सगळ्यात मागच्या बाकावर बसत, माझ्याशी नीट बोलत, आणि मुलांच्या वर्गाकडे एकदाही फिरकल्या नाहीत. मी कधी बोलावलंही नाही.

तेव्हा माफी मागा. आधी फक्त बाबांची, फोनवर, फॅमिली ग्रुपवर नाही. 'पण' हा शब्द न वापरता. प्रोजेक्टरचे पैसे मी दिले होते आणि तुमच्यापासून लपवलं, हेही सांगा. त्यांना कळलेलं असणारच, इंदूर एवढं मोठं नाही. मग त्या दिवशी जी दोन-चार मुलं तिथे उभी होती त्यांना फोन करा. चारचौघांत बोललेलं चारचौघांत मागे घ्यावं लागतं. यात त्यांना तोंडघशी पाडणं कुठे आलं? प्रोजेक्टर परत करा असं तुम्ही म्हणतच नाही आहात. त्यांना म्हणा, बाबांच्या घरी जा, आणि रिकाम्या हाताने नको. पडद्यावरच्या गीतांच्या फायली छापून न्या. मोबाइलवर घाईने टाइप केलेल्या गीतांत मात्रांचा कसा बट्ट्याबोळ असतो मी पाहिलंय. 'दीन' चं 'दिन' झालेलं असतं आणि अख्खी मंडळी देवाला सांगते की मी दिवस आहे. पस्तीस वर्षं आकडे लावणाऱ्या माणसाला ही चूक पलीकडच्या बाकावरून दिसते. लाल पेन त्यांच्या हातात द्या. ते आधी चिडतील, "आता आठवण झाली?" म्हणतील. मुलांनी आईच्या हातचे पोहे खात बसून राहावं.

आणि एक गोष्ट त्यांना विचाराच. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, तेव्हा बाबा एकवीस-बावीस वर्षांचे असतील. त्या वेळी म्हाताऱ्यांशी कशावरून वाजलं होतं, आणि तेव्हा बाबा कुणाच्या बाजूने होते? उत्तर लांबेल. लांबू द्या.

पाटी सध्या कुठे आहे याचीही चौकशी करा. स्टोअररूममध्ये तुटक्या खुर्च्यांखाली असेल तर आधी तिथून काढायला सांगा. फोन शनिवारीच करा. तुमच्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इथे, थंडीच्या दिवसांत, संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. इतकी वर्षं त्या वेळी बाबा चर्चमध्ये स्टुलावर उभे असत. आता घरीच असतात.