प्रश्न वाचकांचे : हिरोशिमाचा हिशेब

ऑगस्टच्या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे युद्धातील अणुबॉम्बच्या वापराविषयी आहेत आणि ती चारही सोलापुरातूनच आली आहेत. इतर पत्रे पुढच्या अंकासाठी राखून ठेवून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : माझा नातू दहावीत आहे. ६ ऑगस्टच्या हिरोशिमा दिनानिमित्त त्याच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे. बॉम्ब टाकला नसता तर जपानवर स्वारी करावी लागली असती आणि दहा लाख माणसे मेली असती, असे त्याच्या वाचनात आले. “आजोबा, दोन लाख मारून आठ लाख वाचवले. गणित तर बरोबर आहे, मग चूक कुठे?” असे त्याने विचारले. सारा जन्म आकडेमोडीत घालवूनही मला उत्तर सुचले नाही. — एक निवृत्त बँक कर्मचारी, जुळे सोलापूर

उत्तर : कोणतीही रक्कम पाहिली की ती आली कुठून हे आधी विचारायचे, ही बँकेतली सवय आपण इथेही वापरावी. या हिशेबातली एक रक्कम प्रत्यक्ष खर्ची पडलेली आहे. १९४५ अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली. दुसरी रक्कम मात्र अंदाजाची आहे, आणि तिला आज जे रूप आहे ते बरेचसे नंतर आलेले आहे. अमेरिकेचे तत्कालीन युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी १९४७ साली एका मासिकात लेख लिहून, स्वारी झाली असती तर एकट्या अमेरिकी सैन्याचे दहा लाखांवर सैनिक मृत वा जखमी झाले असते असे सांगितले. त्यातले ‘वा जखमी’ हे शब्द पुढे गळून गेले आणि दहा लाख ‘मृत’ उरले. जून १९४५ मध्ये लष्करी नियोजनकारांनी केलेल्या एका टिपणात अमेरिकी मृतांचा अंदाज जास्तीत जास्त ४६ हजारांच्या आसपास होता. त्याहून पुष्कळ मोठे अंदाजही त्या काळात मांडले गेले होते, हेही सांगितले पाहिजे. पण मग इतक्या दूरदूरच्या अंदाजांतून एकच आकडा उचलून त्याला वजाबाकीत बसवणे हे गणित म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘बॉम्ब नाही तर स्वारी’ अशा दोनच वाटा होत्या, हे गृहीतच तपासायला हवे. स्वारीची पहिली तारीख १ नोव्हेंबर १९४५ ही ठरलेली होती. सोव्हिएत युनियनने ८ ऑगस्टला जपानविरुद्ध युद्ध पुकारले आणि दुसऱ्या दिवशी जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात सैन्य घुसवले. सम्राटाचे पद राहील असे आधीच सांगितले तर जपान नमेल, असे खुद्द वॉशिंग्टनमधले काही वरिष्ठ म्हणत होते. तसे सांगितले गेले नाही, आणि शरणागतीनंतर पद मात्र राहिलेच. बॉम्ब तयार करणाऱ्यांपैकी काही शास्त्रज्ञांनी तो आधी निर्जन जागी फोडून दाखवावा, अशी सूचना जूनमध्ये केली होती. यांपैकी कोणत्या वाटेने युद्ध किती लवकर संपले असते हे आज कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण ज्या वाटा चालूनच पाहिल्या नाहीत, त्या नव्हत्याच असे म्हणता येत नाही. नागासाकीच्या बाबतीत तर स्वतंत्र विचारही झाला नाही. २५ जुलैच्या लेखी आदेशातच, पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकत जावे, असे म्हटले होते. ९ ऑगस्टचे विमान निघाले ते कोकुरासाठी. तिथे खालचे दिसेना म्हणून ते नागासाकीकडे वळले. आपल्या नातवाने एवढी एकच गोष्ट व्यासपीठावर सांगितली तरी पुरे : आकाश धूसर होते म्हणून एक शहर वाचले आणि दुसरे जळाले.

आता बॉम्बच्या समर्थनाचा सर्वांत वजनदार मुद्दा, जो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जपानी सैन्य चीनमध्ये आणि आग्नेय आशियात रोज माणसे मारत होते, आणि युद्ध लांबते तर तीही मरत राहिली असती. सोलापूरच्या माणसाला हे परके नाही, कारण आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जखमी चिनी सैनिकांवर उपचार करायला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकासमोर उभे राहून जपानी लष्कराविषयी कोणालाही माया वाटणार नाही. मलाही वाटत नाही. परंतु चीनमधल्या आईचे मूल वाचावे म्हणून हिरोशिमातल्या आईचे मूल जाणूनबुजून जाळावे, हा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही, कारण हिरोशिमातल्या त्या मुलाने चीनमधल्या मुलाचे काहीही केलेले नव्हते. तुमच्या नातवाच्या गणितातली चूक इथे आहे. बेरीज-वजाबाकी करताना मारायचे कोणाला आणि कशासाठी, हा रकानाच त्यात ठेवलेला नाही. रुग्णालयात पाच रोगी अवयवांवाचून मरत असले तरी तपासणीला आलेल्या एका निरोगी माणसाला कापून ते वाचवू नयेत, हे आपण कोणताही आकडा न मांडता जाणतो. एलिझाबेथ अॅन्सकम या तत्त्वज्ञ बाईंनी १९५६ साली, ऑक्सफर्डने बॉम्ब टाकला तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष ट्रुमन यांना मानद पदवी देऊ नये म्हणून विरोध केला तो याच कारणासाठी : निरपराधांचा मृत्यू हेच ज्या कृतीत साधन म्हणून वापरले आहे, तिला हेतू कितीही चांगला असला तरी खूनच म्हणावे लागते.

आणि मृत्यू हेच साधन होते. नेम धरला होता तो शहराच्या मध्यावरच्या आयोई पुलावर. बॉम्ब फुटला तो थोडा बाजूला, एका रुग्णालयाच्या वर सुमारे ६०० मीटर उंचीवर. शहरातले नव्वद टक्क्यांहून अधिक डॉक्टर आणि परिचारिका त्या सकाळी मेल्या किंवा जायबंदी झाल्या. आपल्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी मध्यबिंदू धरला तर भुईकोट किल्ला, चाटी गल्ली, नवी पेठ आणि सिव्हिल हॉस्पिटल हे सगळे त्या टापूत येते जिथे हिरोशिमात जवळजवळ काही उभे राहिले नव्हते. जखमींना न्यायचे कुठे, हा प्रश्नही तिथे शिल्लक राहत नाही.

प्रश्न : आमचे घर पूर्व भागात आहे. खाली यंत्रमाग, वर आम्ही राहतो. जपानमध्ये घराघरांत विमानांचे सुटे भाग तयार होत होते, त्यामुळे ती घरे म्हणजे कारखानेच होते आणि ती जाळणे योग्यच होते, असे एका व्याख्यानात ऐकले. माझे मन ते मान्य करत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. — एक यंत्रमागधारक गृहिणी

उत्तर : ताई, आपल्या मनाला जे खटकले ते बरोबर खटकले. हा युक्तिवाद अमेरिकी हवाई दलाचे सेनापती कर्टिस लमे यांनी टोकियोच्या बाबतीत केला होता. ९ आणि १० मार्च १९४५ च्या मधल्या रात्री टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकून सुमारे एक लाख माणसे एका रात्रीत मारण्यात आली, आणि जळक्या घरांच्या राखेत छिद्रे पाडायची यंत्रे उभी दिसत होती, असे त्यांनी समर्थनार्थ सांगितले. यंत्रे होती, हे खोटे नाही.

पण आपल्याच घराचा विचार करा. उद्या तुमच्या मागावर जवानांसाठी चादरी विणल्या गेल्या, तर शत्रूने तुमचे माग बंद पाडायचा प्रयत्न करावा, हे युद्धाच्या नियमात कदाचित बसेल. त्यासाठी वरच्या मजल्यावर झोपलेली सासू, कांड्या भरणारी शेजारीण, समोर दारात विड्या वळत बसलेल्या बायका आणि गल्लीतली सगळी पोरे मारावीत, हे बसत नाही. सैनिकाला मारले जाते ते तो हातात शस्त्र घेऊन समोर उभा असतो म्हणून, आणि त्याने ते खाली ठेवले की त्याला मारता येत नाही. चुलीपुढे बसलेल्या बाईने खाली ठेवायचे तरी काय?

हिरोशिमाच्या संग्रहालयात जेवणाचा एक डबा आहे. त्या सकाळी शाळांमधली बारा-तेरा वर्षांची हजारो मुले आगीला अटकाव करण्यासाठी घरे पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामावर लावलेली होती, आणि त्यांच्यापैकी सहा हजारांच्या आसपास मुले गेली. त्यातल्या एकाच्या आईला त्याचा देह सापडला तो पोटाशी धरलेल्या डब्यावरून. डब्यातले अन्न न खाल्लेले, कोळसा झालेले होते. शेंगाचटणी-भाकरीचा डबा भरून मुलाला सकाळी धाडणाऱ्या बाईला मी याहून अधिक काय सांगावे?

आणखी एक गोष्ट कापड विणणाऱ्या गावाला विशेष कळेल. गडद रंग उष्णता शोषतो आणि पांढरा परतवतो. त्या क्षणी अंगात असलेल्या किमोनोवरची गडद नक्षी एका बाईच्या पाठीच्या कातडीवर जशीच्या तशी भाजून उमटली. तिचे छायाचित्र उपलब्ध आहे. शिवाय मृतांमध्ये कोरियातून वेठीने आणलेले हजारो मजूर होते, ज्यांनी जपानसाठी केलेले काम स्वखुशीचे नव्हतेच. ‘सगळेच युद्धात सामील होते’ असे म्हणणाऱ्याने या मजुरांना कोणत्या बाजूला बसवायचे ते सांगावे.

कायद्याविषयी थोडक्यात. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने १९६३ साली, हे दोन्ही हल्ले त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्याही विरुद्ध होते असा निर्णय दिला, पण दाद मागणाऱ्या पीडितांना भरपाई मिळाली नाही. १९७७ च्या जिनिव्हा जोडकराराने सैनिक आणि नागरिक असा भेद न करणारे हल्ले स्पष्टपणे निषिद्ध ठरवले.

प्रश्न : महाभारतात ब्रह्मास्त्राचा वापर आहे. मग असे अस्त्र वापरणे आपल्या परंपरेला मान्य आहे, असे समजायचे का? — एक वाचक, सिद्धेश्वर पेठ

उत्तर : सौप्तिक पर्व नीट वाचले तर नेमके उलटे दिसते. ते अस्त्र म्हणजे अणुबॉम्ब, असे म्हणणे मला पटत नाही. पण तिथला नैतिक विचार आजच्या प्रश्नाला अगदी लागू पडतो. झोपलेल्यांना मारून आलेला अश्वत्थामा पांडवांच्या नाशासाठी ब्रह्मशिर हे अस्त्र सोडतो आणि ते शमवण्यासाठी अर्जुन आपले सोडतो. नारद आणि व्यास मध्ये उभे राहतात. जिथे हे अस्त्र दुसऱ्या अस्त्राने अडवले जाते, त्या देशात बारा वर्षे पाऊस पडत नाही, असे तिथे म्हटले आहे. आपल्या जिल्ह्यात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते मागे घेता येत नाही, म्हणून तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. त्याला शाप मिळतो तो या कृत्यानंतर, आणि कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत तो अजून हिंडतो असे आपल्याकडची म्हातारी माणसे सांगत आली. हिरोशिमात त्या दिवशी आईच्या पोटात असलेली काही मुले पुढे लहान डोक्याची आणि मतिमंद जन्मली.

प्रश्न : भारताचे धोरण प्रथम वापर न करण्याचे आहे. पण शत्रूने आपले एखादे शहर उद्ध्वस्त केले, तर त्याच प्रकारे उत्तर देणे नैतिक ठरेल का? ठरणार नसेल, तर अण्वस्त्रे ठेवायची कशाला? — विद्यापीठातील एक विद्यार्थी

उत्तर : चारही पत्रांत हा प्रश्न सर्वांत कठीण आहे, आणि तुम्ही तो दोन्ही टोकांनी विचारला याचे मला समाधान वाटते. ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेल्या धोरणात दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. आपण पहिल्यांदा वापर करणार नाही. पण आपल्यावर वापर झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि शत्रूला न सोसणारी हानी करील. पहिले वाक्य मला अभिमानाचे वाटते. दुसऱ्या वाक्याचे काम धाक घालण्याचे आहे. धाक जोवर टिकतो तोवर त्याने शहरे वाचतात, हे मी मान्य करतो, म्हणून शस्त्रे आजच्या आज टाकून द्यावीत असे मी म्हणत नाही. मात्र धाक फसला, आपले शहर जळाले, तर त्या क्षणानंतर पलीकडचे शहर जाळून आपल्यातला एकही माणूस परत येत नाही. मारले जातात ते पुन्हा डबे घेऊन निघालेली मुले आणि रुग्णालयातल्या परिचारिका, ज्यांना हल्ल्याचा हुकूम देताना कोणी विचारलेले नसते. तेव्हा तो हुकूम देणे नैतिक ठरेल का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. जे करू नये ते करण्याची धमकी देऊन आपण सुरक्षित राहतो, हा पेच त्यातून उरतो. तो मला सुटलेला नाही आणि सुटल्याचे नाटक मी करणार नाही. पण वाहिन्यांवर चर्चेच्या भरात ‘टाका एकदाचा बॉम्ब’ असे म्हणणाऱ्यांना तो पेच जाणवतसुद्धा नाही, आणि त्यांचे ऐकून चौकात तेच बोलणाऱ्या तरुणांची मला खरोखर काळजी वाटते.

शेवटी एक कागद सुचवतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी दिलेल्या मतात अण्वस्त्रांचा वापर सामान्यतः मानवतावादी कायद्याच्या विरुद्ध ठरवला, परंतु राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागलेल्या आत्यंतिक स्वसंरक्षणाच्या प्रसंगी काय, यावर निश्चित निष्कर्ष दिला नाही. तो भाग सात विरुद्ध सात मतांवर अध्यक्षांच्या निर्णायक मताने संमत झाला. त्या प्रकरणात १९९५ साली, म्हणजे दुसऱ्या पोखरण चाचण्यांच्या तीन वर्षे आधी, भारत सरकारने लेखी निवेदन दिले होते. शत्रूने अण्वस्त्र वापरले असले तरी त्याचा बदला अण्वस्त्राने घेणे मानवतावादी कायद्याच्या मूलभूत तत्त्वांचा भंग केल्यावाचून शक्य नाही, असे आपल्याच देशाने त्यात म्हटले आहे. तुमच्या विभागात यावर चर्चासत्र घेणार असाल तर २००३ च्या धोरणाशेजारी ते निवेदन ठेवून दोन्ही मोठ्याने वाचा.