वाघोलीजवळची जुनी मुरमाची खाण, अर्धा एकर, पंधरा फूट खोल. पाहणीत काय बघायचं, जमीन पूर्ववत कशी करायची?

आधी वरच्या कडेने फिरा. कडेला समांतर भेग दिसली तर तो भाग सुटलाय, त्याखाली कुणी थांबायचं नाही. पोकलेनने वरून कापत उतार काढा: १ फूट उंचीला ३ फूट आडवा, जागा नसेल तर निदान २. निघालेला मुरूम आतच पसरा. बाहेर नेला तर गौण खनिजाचा परवाना लागतो. वरच्या अंगाला चर हवाच, नाहीतर पहिल्याच वळवात घळी पडतात.

खरी चूक तळाशी होते. डंपरने चेपलेल्या तळावर थेट माती टाकली की पाणी साचतं, मुळं कुजतात. आधी दीड-दोन फूट खोल रिपर (यंत्राला लावलेला, जमीन फोडणारा दात) मारा, मग फूटभर माती. राडारोडा फुकट मिळतो म्हणून भरू नका, खचत राहतो. जूनमध्ये उतारावर मारवेल गवत लावा, तळात करंजाची झाडं.