प्रवर्तित, परिवर्तित की परावर्तित?

प्रश्न: चुंबक हलवल्यावर तारेत जो प्रवाह येतो त्याला 'प्रवर्तित विद्युतधारा' म्हणावे की 'परिवर्तित'? एका व्हिडिओत 'परावर्तित विद्युतधारा' असेही ऐकले. हिंदीतले 'प्रेरण' अधिक सोपे नाही का?

उत्तर: प्रवर्तित. परावर्तित होतो तो आरशावरून प्रकाश. तारेत कसले आलेय परावर्तन? हा शब्द वारंवार कानावर येतो आणि दर वेळी वाटते, बोलणाऱ्याने पाठ्यपुस्तक डोळ्यांनी नव्हे, कानांनी वाचले असावे.

त्याहून जास्त खटकते ते 'चुंबकामुळे तारेत वीज तयार होते' हे वाक्य. नुसत्या चुंबकामुळे काहीच होत नाही. कितीही जबरदस्त चुंबक तारेच्या वेटोळ्यात ठेवून द्या, दोन्ही स्थिर असतील तर प्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाचा काटा ढिम्म. २९ ऑगस्ट १८३१ रोजी इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन वेगळी वेटोळी गुंडाळून एकाला बॅटरी जोडली. दुसऱ्याच्या तारेजवळची चुंबकसूची हलली ती फक्त बॅटरी जोडताना आणि तोडताना. मध्ये प्रवाह नीट वाहत होता तेव्हा ती गप्प होती. म्हणजे चुंबकीय क्षेत्र असून भागत नाही, ते बदलावे लागते. तुमचे 'परिवर्तित' इथे शोभते, पण क्षेत्राला, धारेला नव्हे.

आता खरी मजा. परिवर्तन, प्रवर्तन, परावर्तन ही सगळी एकाच 'वृत्' धातूची लेकरे. वृत् म्हणजे वळणे, फिरणे. वर्तुळ त्यातले, आवर्तन त्यातले, लॅटिनमधला 'वेर्तेरे' (वळवणे) हा त्याचा लांबचा भाऊ. क्षेत्राचे परिवर्तन झाले की धारेचे प्रवर्तन होते, आणि वेटोळे चुंबकीय क्षेत्रात एकसारखे फिरत ठेवले की मिळते ती प्रत्यावर्ती धारा, म्हणजे सतत दिशा बदलणारी (एसी). तीही वृत्चीच. पुढे ऐका. वळून केलेली ती 'वर्ति', प्राकृतात 'वत्ति', मराठीत दिव्याची वात, आणि हिंदीकडून आलेली बत्ती. (ती वात. वाऱ्याचा आणि सांधेदुखीचा तो वात वेगळा, तो 'वा' म्हणजे वाहणे या धातूचा. लिंग बघत चला.) थोडक्यात, जनित्र फिरण्यापासून बत्ती लागेपर्यंतचा सगळा कारभार एका धातूने सांभाळला आहे. योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. पण बदलत्या चुंबकीय क्षेत्राभोवती जे विद्युत क्षेत्र उभे राहते, तेही गोल फिरून स्वतःलाच मिळते, त्याला सुरुवात नाही की शेवट नाही. आता बोला!

'प्रेरण' घ्या म्हणजे देशभर एक परिभाषा होईल, असे सांगणाऱ्या विद्वानांपुढे हात जोडतो, पण त्यांचे ऐकत नाही. त्यात 'ईर्' म्हणजे ढकलणे, हालवणे. व्युत्पत्तीला माझी हरकत नाही. मात्र मराठीत प्रेरणा केव्हाच मनात जाऊन बसली आहे. तांब्याच्या तारेला स्फूर्ती येते असे मुलांना कशाला वाटू द्यायचे? उलट 'प्रवर्तन' हे प्रयोजक रूप आहे: चालू व्हायला लावणे. सारनाथच्या धर्मचक्रप्रवर्तनात चाक गतिमान करण्याची जी कल्पना आहे, तीच इथे. तारेतले इलेक्ट्रॉन बाहेरून कोणी आणून घालत नाही. ते तिथेच असतात, फक्त चालते केले जातात. प्रवर्तनाला इंग्रजीत इंडक्शन म्हणतात, त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'आत नेणे'. फॅरेडेने तो स्थिर विद्युतच्या परिभाषेतून उचलला. आत काहीच नेले जात नाही, तेव्हा आपले भाषांतर मुळापेक्षा सरस आहे असे मी म्हणेन.

एक आक्षेप मात्र दमदार आहे. १८३४ साली भौतिकशास्त्रज्ञ लेन्झने दाखवले की ही धारा आपल्याला जन्म देणाऱ्या बदलालाच विरोध करते. चुंबक जवळ आणा, वेटोळे त्याला दूर लोटते. मागे घ्या, ओढून धरते. मग 'प्र', म्हणजे पुढे, कसे चालेल? यावरून प्रवर्तन चुकीचे ठरवणारे उपसर्गाला दिशादर्शक बाण समजतात. 'प्रारंभ', 'प्रवृत्त' यांतला 'प्र' काय बाण दाखवतो? तो गती सुरू झाल्याचे सांगतो. ती कोणत्या बाजूला, हे लेन्झने सांगायचे.

आणि 'इंडक्शनवर पाणी ठेव' यावर नाक मुरडू नका. त्या शेगडीत धारा प्रवर्तित होते ती भांड्याच्या बुडात, भोवऱ्यासारखी गोल फिरत, आणि बूड तापते. तिथे 'प्रवर्तन शेगडी' म्हणा असा हट्ट मीही धरणार नाही.