राज्याच्या कायद्यात सज्ञान होण्याचं वय 19 वरून 18 करायला एक ओळ बदलली की पुरे का?

तुमचा प्रश्न अमेरिकेतल्या नेब्रास्काबद्दल आहे, जिथे माणूस 19 व्या वर्षी सज्ञान होतो. नाही, एका ओळीने भागत नाही. वय 18 व्हावं असंच मला वाटतं, पण मुलांच्या पोटगीला धक्का न लावता.

1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने 18 वर्षांच्या मुलांना मत मिळालं. व्हिएतनामला लढायला पाठवता, मग मत का नाही, हा त्यामागचा रेटा. पण ती दुरुस्ती मतदानापुरतीच होती. सज्ञानता राज्यांकडेच राहिली. बहुतेकांनी 18 केलं, अलाबामा आणि नेब्रास्का 19 वर थांबली, मिसिसिपी 21 वर.

नेब्रास्काने पुढे ठिगळ लावलं: 18 व्या वर्षी केलेला करार बंधनकारक. म्हणजे भाडं थकलं की दावा त्या मुलावर, आणि तरीही कायद्याच्या व्याख्येत तो अज्ञानच, म्हणजे अल्पवयीन. जबाबदारी आधी आणि हक्क मागून, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता पोटगी. ती सहसा अज्ञानत्वाला बांधलेली असते, त्यामुळे नुसता आकडा बदलला तर ती वर्षभर आधी थांबू शकेल. आणि अठरा पूर्ण होताना कितीतरी मुलं अजून शाळेतच असतात! न्यूयॉर्कने दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्यात: सज्ञान 18 ला, पोटगी 21 पर्यंत. तसं करता येतं.

दुसरी अडचण कोणाच्या लक्षात येत नाही. लहानपणी झालेल्या इजेचा दावा लावण्याची मुदत बहुधा सज्ञान झाल्यावर मोजायला लागतात. जिथे ती सज्ञानतेला बांधलेली असेल, तिथे वय एकदम घटवलं तर अठरा-एकोणीसमधल्या सगळ्यांची मुदत त्याच दिवशी सुरू होईल, आणि त्यांना पत्ताही नसेल. जुन्या मृत्युपत्रांत ‘सज्ञान झाल्यावर द्यावे’ असं लिहिलेलं असतं, तिथेही हाच घोळ.

दारूचं वय मात्र 21 च राहील. 1984 च्या केंद्रीय कायद्यानुसार ते खाली आणणाऱ्या राज्याचा महामार्ग निधी कापला जातो.

म्हणून विधेयक हाती आलं की आधी शेवटची कलमं वाचा. ते कधीपासून लागू होणार, आणि पोटगीच्या जुन्या आदेशांचं काय, हे तिथे लिहिलेलं नसेल तर आपल्या आमदाराला मतदानाआधी विचारा.